राजेळीचे पीठ

मराठी घरात धान्याशिवायची पिठे टिकली ती उपवासामुळे. गव्हातांदळाच्या मोठ्या डब्यांमागे शिंगाड्याच्या पिठाची एक लहानशी बरणी असते. आषाढी, महाशिवरात्र किंवा संकष्टी आली की ती पुढे येते आणि सण झाला की परत मागे जाते. विरारला जीवदानीच्या पायथ्याच्या दुकानांत नवरात्राचे नऊ दिवस शिंगाडा, राजगिरा, वरी आणि साबुदाणा यांच्या राशी लागतात. काय चालते आणि काय चालत नाही, याचे आपले नियम मोठे मौजेचे आहेत. वरी हे सरळसरळ तृणधान्य, तरी ती चालते. बटाटा, हिरवी मिरची आणि साबुदाण्याचा कंद ही मंडळी तर मुळात अमेरिका खंडातली, पण त्यांनाही आपण पंगतीत घेतले. उपवासाच्या ताटाने बाहेरून आलेल्याला जागा द्यायला फारसे आढेवेढे कधी घेतले नाहीत, हे आधी सांगून ठेवतो. या पुस्तकात ज्या पिठाची ओळख आहे, ते तर घरचेच आहे. वसईच्या वाडीतल्या कच्च्या राजेळी केळ्यांचे पीठ.

केळे म्हटले की बाहेरच्या माणसाला एकच फळ दिसते. वसईच्या जुन्या माणसाला मात्र बसराई, मुठेळी, तांबडी, लोखंडी, सोनकेळी, वेलची आणि राजेळी अशी नावांची रांग दिसते आणि प्रत्येक नावाला वेगळे काम असते. बसराई विकायची, वेलची पाहुण्यापुढे ठेवायची. राजेळी लांब, जाड सालीचे, कोनदार. गर घट्ट, आणि पिकल्यावरही त्यात थोडा पिठूळपणा उरतोच. केरळात ज्याला नेंद्रन म्हणतात त्याचाच हा वाण. कच्चे असताना त्याचे काप तळायचे, पिकल्यावर तुपात परतायचे किंवा उकडायचे. नुसते सोलून खाल्ले तर फारसे रंगत नाही. म्हणूनच आगाशी आणि आसपासच्या गावांनी ते वाळवले, आणि सुकेळी तयार झाली.

सुकेळीची कृती सांगायला सोपी आहे. राजेळीचे घड पूर्ण भरले की उतरवायचे आणि पेंढ्यात झाकून पिकवायचे. साल पिवळी होऊन जरा सैल झाली की केळी सोलून मांडवावर उन्हात मांडायची. संध्याकाळी ती गोळा करायची, रात्रभर केळीच्या सुक्या पानांखाली झाकून ठेवायची आणि सकाळी पुन्हा पसरायची. हे आठवडाभर चालते. झाकल्या राशीत रात्री केळ्यांना पाझर सुटतो, तो दिवसा उन्हात आटतो. रोज केळे थोडे बारीक आणि थोडे गडद होत जाते, आणि शेवटी काकवीच्या रंगाचे, चिवट, बोटाला किंचित चिकटणारे काहीतरी हातात येते. त्यात साखर घातलेली नसते आणि तेलही नसते. सुक्या पानात घट्ट बांधलेली ही जुडी महिनोन्‌महिने टिकते. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही आगाशीच्या सुकेळ्यांची नोंद आहे, म्हणजे तेव्हाही ती आगाशीची ओळख होती.

सोपी वाटणारी ही कृती हाताला सवय नसेल तर फसते. ढग आले की रास आंबते. वारा सुटला तर धूळ बसते. मांडवाशी बसलेली बाई एकेक केळे उलटते तेव्हा ते नुसते पालथे करत नाही, बोटाने चेपून पाहते. मधोमध मऊ लागले तर ते परत उन्हाच्या कडेला जाते. त्या चेपण्याचे माप कुठल्याही पुस्तकात लिहिता येणार नाही. या पुस्तकातही ते आलेले नाही, आणि लेखिकांनी तसे प्रांजळपणे म्हटले आहे.

आता प्रश्न असा की, ज्या गावाला केळे वाळवायचे एवढे कळत होते, त्या गावाने कच्चे केळे वाळवून दळले का नाही? याचे उत्तर शोधायला जरा लांब जावे लागते, युरोपातल्या डोंगरांत.

इटलीत तोस्कानाच्या उत्तरेला गार्फान्याना नावाचे डोंगराळ खोरे आहे. तिथे गहू धड पिकत नाही, उतार फार. पण चेस्टनटची झाडे भरपूर. चेस्टनटला आपण सुक्यामेव्यात धरतो, पण बदाम-आक्रोडाशी त्याचे फारसे जमत नाही. त्यात तेल नाममात्र असते आणि पिष्ट भरपूर. एका अर्थाने ते झाडावरचे धान्यच. शरद ऋतूत फळे पडली की तिथले लोक ती दोन मजली दगडी खोपटात नेत. खाली मंद विस्तव, वर फळ्यांच्या फटींवर चेस्टनटची रास. सुमारे चाळीस दिवस धूर आणि ऊब खाल्ली की फळे खडखडीत वाळत. मग टरफल काढून पाणचक्कीवर दळायची. पीठ मुळातच गोडसर, त्यामुळे त्याच्या कास्तान्याच्चो नावाच्या भाजलेल्या वडीत साखर घालत नाहीत. पाणी, ऑलिव्हचे तेल, रोझमेरीची पाने आणि चिलगोजासारखे दाणे, एवढ्यावर भागते. आणखी एक पदार्थ आहे नेच्ची. पिठाचे पातळ मिश्रण तापवलेल्या दोन चकत्यांमध्ये भाजायचे, आणि पूर्वी वरखाली चेस्टनटचीच पाने लावायचे. हे वाचताना वसईच्या कुठल्याही घरात पानगीची आठवण होईल. तिथे केळीच्या दोन पानांत तांदळाचे पीठ, इथे चेस्टनटच्या दोन पानांत चेस्टनटचे. दोन्हीकडे पानाचा वास पदार्थात उतरतो आणि तव्याला चिकटण्याची भीती राहत नाही.

कॉर्सिका बेटाची कथा आणखी बोलकी आहे. सोळाव्या शतकात तिथल्या जिनोव्हाच्या राज्यकर्त्यांनी जमीनदारांना झाडे लावण्याची सक्ती केली, त्यात चेस्टनट होता. पुढे डोंगराळ भागाचे पोट त्याच पिठावर भरू लागले. अठराव्या शतकात बेट फ्रान्सकडे गेले, तेव्हा नव्या कारभाऱ्यांपैकी काहींना हे झाड खटकू लागले. न नांगरता, न पेरता पोट भरते, मग लोक आळशी होणारच, असे त्यांचे म्हणणे. झाडावरचे अन्न खाणाऱ्यांबद्दल सरकारदरबाराचा हा राग सगळीकडे सारखाच असतो. आपल्याकडे तुंगारेश्वरच्या बाजूच्या जंगलातले वारली आणि कातकरी कडूकंदाचे काप उकडून, वाहत्या पाण्यात धुऊन त्याचा कडवटपणा काढतात. त्या कौशल्याला कुणी शेती म्हटले नाही आणि पाककलाही म्हटले नाही.

पोर्तुगीज वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत होते, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक. त्यांच्या देशाच्या उत्तरेकडच्या डोंगरांतही बटाटा रुजण्याआधी चेस्टनटच मुख्य अन्न होते, आणि ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, आजही तिथे विस्तवावर चेस्टनट भाजतात. ते झाड मात्र इथे आले नाही. येऊन करणार काय, त्याला हिवाळ्याची कडक थंडी लागते. वसईच्या दमट, समुद्रकाठच्या रेताड जमिनीत फोफावली ती केळ, नारळ आणि पानवेल. बावखलांचे, म्हणजे वाड्यांतल्या खोदीव तळ्यांचे, गोडे पाणी रहाटाने उपसून पाटाने वाड्यांना द्यायचे, हा इथला रिवाज.

तर उत्तर असे की, वसईला पिठाची गरजच नव्हती. वाड्यांना लागून भाताची खाचरे होती. भाकरीला, पानगीला, पोळ्याला तांदूळ घरचा. केळे हे पोटासाठी नव्हते, विकण्यासाठी होते. गार्फान्यानाने चेस्टनट वाळवला तो हिवाळा काढायला. आगाशीने राजेळी वाळवली ती मुंबईच्या बाजारात चार पैसे जास्त मिळवायला. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली आणि हा बाजार आणखी जवळ आला. पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन निघालेल्या वसईच्या भाजीवाल्या पश्चिम रेल्वेच्या कुठल्या ना कुठल्या फलाटावर आजही भेटतात. विकायचे असेल तर माल गोड हवा. तेव्हा केळे पिकवून वाळवणे हेच शहाणपणाचे होते. हिरवे केळे दळून कोण विकत घेणार होते?

आज गणित बदलले आहे. भाताची खाचरे इमारतींखाली गेली. वाड्या आक्रसल्या. खाऱ्या पाण्याने काही विहिरी बिघडवल्या. जळगावच्या एकसारख्या, स्वस्त केळ्यांपुढे वसईचे केळे मुंबईच्या बाजारात मागे पडले. त्यातल्या त्यात राजेळी सर्वांत अडचणीची. घड तयार व्हायला वेळ लागतो, फण्या कमी, झाड उंच आणि वाऱ्याला नाजूक. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ पालघर-मुंबईच्या किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा वसईच्या वाड्यांत केळीच्या रांगा आडव्या झाल्या. आडव्या झालेल्या झाडावरचे लोंगर अर्धेच भरलेले असतात. ते नीट पिकत नाहीत, म्हणून सुकेळीला चालत नाहीत. बाजारातही त्यांना कुणी विचारत नाही. गुरांपुढे टाकायचे, नाहीतर खड्ड्यात. पण दळण्यासाठी मात्र नेमके असेच केळे लागते. हिरवे, पिष्टाने भरलेले, साखर अजून न झालेले.

योगायोग असा की त्याच वर्षी, महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नड आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यांत केळ्याच्या पिठाची एक चळवळ उभी राहिली. भाव पडल्याने बागेतच सडणारी केळी तिथल्या बायकांनी घरोघरी चकत्या करून वाळवली आणि दळली. ‘अडिके पत्रिके’ या कृषी मासिकाचे संपादक श्री पद्रे यांनी ती कल्पना उचलून धरली, आणि ‘बाकाहू’ या आटोपशीर नावाने ती गावोगाव गेली. केरळात तर ही गोष्ट जुनीच. तिथे कुन्नन केळ्याचे पीठ तान्ह्या मुलांना पेज म्हणून पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. आफ्रिकेत फिरलेल्या स्टॅन्लीने १८९० च्या आपल्या ग्रंथात केळ्याच्या पिठाच्या लापशीची आजाऱ्यांसाठी मनापासून शिफारस केली आहे. एवढे सगळे असताना, सुकेळीच्या गावाला हे उशिरा सुचले, हे मला अजूनही खटकते. पण सुचले हे खरे.

आता कृतीकडे. पुस्तकात ती सविस्तर आहे, मी फक्त जिथे माणूस अडतो तेवढे सांगतो. हिरवे राजेळी सोलताना चीक निघतो. हाताला खोबरेल लावलेले नसेल तर बोटे काळी पडतात आणि तो काळेपणा चार दिवस जात नाही. सालही पिकल्या केळ्यासारखी सुटत नाही. तिला सुरीने लांब चिरा पाडून अंगठ्याने उचलावे लागते. सोललेले केळे हवेत ठेवले की लगेच तपकिरी होऊ लागते, म्हणून विळीखालीच ताक घातलेल्या पाण्याचे पातेले ठेवायचे आणि चकत्या थेट त्यात पडू द्यायच्या. चकती पातळ आणि सारखी हवी. जाड चकती बाहेरून वाळते आणि आतून ओली राहते, आणि तीच पुढे सगळ्या पिठाला बुरशी लावते. स्वच्छ धोतरावर कडक उन्हात पसरल्यावर दोन-तीन दिवसांत चकती वाकायची बंद होऊन कट्‌कन मोडते. तेव्हा दळायला न्यायची. सालासकट पाच किलो कच्च्या केळ्यांतून किलोभर पीठ निघते, थोडे इकडेतिकडे.

गिरणीचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. उपवासाचे पीठ गव्हाच्या जात्यात दळून चालत नाही, आणि गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यालाही ते चालत नाही. गिरणीवाले म्हणून उपवासाच्या दळणाला ठरावीक वार किंवा वेळ देतात. केळ्याच्या चकत्या मात्र बघितल्या की त्यांचा चेहरा पडतो. जरा ओलसर राहिल्या असतील तर जाते चिकटते आणि पुढचे गिऱ्हाईक थांबून राहते. घरची छोटी चक्की किंवा मिक्सर असेल तर हा तंटा मिटतो, मात्र पीठ चाळून घ्यावे लागते.

पावसाळ्यात हा उद्योग उन्हावर होत नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वसईत कपडे वाळत नाहीत तर चकत्या काय वाळणार! आणि केळीच्या झाडांना वारा झोडपतो तो नेमका याच दिवसांत आणि त्यांच्या आगेमागे. त्यामुळे वाळवणी यंत्र किंवा सौर पेटी चार घरांत मिळून घेतली नाही तर पडलेले घड वाचवण्याची भाषा कागदावरच राहील. पुस्तकाच्या लेखिकांनी या मुद्द्याला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. पाककृतींकडे धाव घेणाऱ्या वाचकाने ते ओलांडू नये, अशी माझी विनंती.

स्वयंपाकघरात हे पीठ कसे वागते? रंगाने ते पांढरेशुभ्र नसते, राखाडीकडे झुकलेले मळकट बदामी असते. वासाला हलकेसे सुक्या पानांसारखे. पाणी भरपूर पिते. तांदळाच्या पिठाइतके पाणी घालून मळले तर गोळा दहा मिनिटांत कोरडा पडतो, तेव्हा आधीच सैल मळायचे. गव्हातला चिकटपणा त्यात नाही, म्हणून पोळी लाटायला जाऊ नये, ती फाटणारच. केळीच्या पानावर थापून थालीपीठ करावे आणि पानासकट तव्यावर पालथे घालावे. उपवासाला उकडलेला बटाटा, दाण्याचे कूट, जिरे आणि मिरची घातली की ते धरून राहते. एरवी निम्मे तांदळाचे पीठ घालून धिरडी उत्तम होतात. रस्सा दाट करायला चमचाभर पुरते. गूळ आणि नारळाच्या दुधात शिजवलेली खीर मात्र सर्वांत जिंकते, आणि तिच्यात वरून सुकेळीचे बारीक तुकडे घातले की एकाच झाडाची कच्ची आणि पिकी अशी दोन्ही रूपे एका वाटीत येतात. गोड पदार्थांत मी सगळ्यात वर तीच ठेवीन. पुस्तकात या पिठाचा केकही आहे. नाताळच्या तोंडावर तो वसईत खपेल यात शंका नाही. मला तो जरा कोरडा वाटला, पण केकविषयी माझे मत कुणी विचारत नाही.

तब्येतीच्या दाव्यांबाबत दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण आजकाल पिठाच्या पाकिटावर मजकूर पिठापेक्षा जास्त असतो. कच्च्या केळ्यातल्या पिष्टाचा मोठा भाग लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो आणि तिथल्या जिवाणूंचे खाद्य होतो. त्यामुळे रक्तातली साखर एकदम चढत नाही. हे खरे आहे. पण हा गुण कच्च्या पिठाचा. पाण्यात शिजवले की सत्तर अंशांच्या आसपास पिष्ट फुगते आणि त्यातला बराचसा भाग इतर पिठांसारखाच पचू लागतो. म्हणजे ताकात कालवून प्यायलेले पीठ आणि खिरीतले पीठ यांचा परिणाम एक नव्हे. गव्हातले ग्लुटेन ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी हे पीठ चांगले आहे, जाते स्वच्छ असेल तर. मधुमेहाच्या रुग्णाने मात्र पाकीट वाचून निर्णय घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. लेखिकांनी या पुस्तकात एकही चमत्कार विकलेला नाही, याचे मला कौतुक वाटते.

एक शंका मात्र मी लेखिकांशीही बोललो आणि इथेही मांडतो. पीठ लोकप्रिय झाले आणि मागणी वाढली, तर राजेळी मिळणार कुठून? आज जी राजेळी उरली आहे ती सुकेळीसाठीच अपुरी पडते. पिठासाठी बसराई वापरता येते, पीठही बरे होते, पण त्याची चव पातळ. भीती अशी की पीठ वसईच्या नावाने विकले जाईल आणि केळी येतील ट्रकमधून. गार्फान्यानाच्या लोकांनी याच भीतीपोटी आपल्या चेस्टनटच्या पिठाला युरोपीय संघाकडून भौगोलिक संरक्षण मिळवले. आपल्या जिल्ह्यातल्या घोलवडच्या चिकूला आणि वाड्याच्या कोलम तांदळाला तसे मानांकन मिळालेच आहे. राजेळीसाठी कुणी ते मागायचे तर आधी वाडीत राजेळी लावलेली हवी. इथे हरित वसईच्या चळवळीची आठवण येते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीला पाणी आणि झाडे वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरून जो लढा दिला, त्यामुळेच आज बोलायला काही वाड्या शिल्लक आहेत. पीठ हा त्या लढ्याचा छोटासा, स्वयंपाकघरातला भाग आहे, असे लेखिकांना वाटते. मला ते जरा मोठे वाटते, पण वाडीवाल्याला पडलेल्या घडाचे पैसे मिळाले तर तो ती वाडी बिल्डरला द्यायच्या आधी आणखी एक हंगाम थांबेल, एवढे मी मान्य करतो.

पुस्तक वापरण्याविषयी शेवटची सूचना. मापे वाटीची आहेत, वजनाची नाहीत, आणि ते मुद्दाम केले आहे. घरोघरच्या पिठात ओलावा कमीजास्त असतो, त्यामुळे पाणी सांगितले असेल त्यापेक्षा थोडे राखून ठेवावे आणि गोळा पाहून घालावे. ज्यांच्याकडे परसात हातभर जागा आहे त्यांनी राजेळीचा एक मुनवा पावसाच्या सुरुवातीला लावून पाहावा. आगाशी-अर्नाळ्याच्या बाजूला ओळखीच्या वाडीत विचारले तर तो सहसा फुकट मिळतो, फक्त वाऱ्याच्या बाजूला बांबूचा टेकू आधीच रोवून ठेवावा.